गॅस गीझर बिघडल्यास: घरी काय करावे, कारागिराला केव्हा बोलवावे आणि नवा कोठे बसवावा

कोल्हापुरात गॅस गीझर अडून बसतो तो बहुधा दोन हंगामांत. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की ठिणगी नीट पडत नाही आणि सेलच्या पत्र्यांवर गंज चढतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे टाकीतले पाणी गार पडलेले असते, सिलिंडर तळाला आलेला असला तर गॅसचा जोर कमी होतो आणि पाणी कोमटच येते. यांतले बरेचसे बिघाड साधे असतात आणि घरातल्या माणसाला ते सोडवता येतात. परंतु दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी गीझर कोठे टांगलेला आहे हे पाहावे. तो न्हाणीघराच्या आत असेल, तर चालू असो वा बंद, त्याची दुरुस्ती करू नये. त्याला आधी बाहेर काढावे. हे मत कोणाला टोकाचे वाटेल, म्हणून त्यामागचा हिशेब मांडतो.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीचा एक बर्नर जितका गॅस घेतो त्याच्या हे कितीतरी पट आहे. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते, म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत २ घनमीटरांहून जास्त हवेतला प्राणवायू संपतो. आता ५ फूट रुंद, ७ फूट लांब आणि ८ फूट उंच न्हाणीघर घेतले, तर त्यात एकूण हवा ८ घनमीटरांच्या आसपास असते. दार लावलेले, वरची झडप थंडीमुळे बंद केलेली, आणि एकामागून एक तिघे अंघोळीला गेले, की ज्योतीला प्राणवायू अपुरा पडू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी जोडले जाण्याची त्याची ओढ प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक असते, त्यामुळे माणसाचा श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. पाय लुळे पडतात आणि दाराची कडी काढण्याइतकेही त्राण उरत नाही. जुन्या वाड्यांत तांब्याचा बंब बहुधा परसात किंवा मोकळ्यावर पेटवत असत, कारण धुराने डोळे भरून येत. गॅसची ज्योत तसा धूर दाखवत नाही, म्हणून आपण तिला बिनदिक्कत बंद खोलीत आणतो.

बाथरूमला एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून चालेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पंखा हवा बाहेर फेकतो हे खरे, पण दाराखालून किंवा झडपेतून तितकीच ताजी हवा आत आली नाही तर त्याचा उपयोग फारसा होत नाही, आणि वीज गेली की तोही थांबतो. गीझर मात्र सेलवर चालत असल्याने जळतच राहतो.

हात लावण्यापूर्वी

सिलिंडरवरील रेग्युलेटर बंद करावा, पाण्याचा नळ बंद करावा, सेल काढून ठेवावेत आणि गीझर पूर्ण निवू द्यावा. गॅसचा वास येत असेल तर विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये, काडी ओढू नये, खिडक्या-दारे उघडून बाहेर यावे आणि बाहेरून १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत, मोरीत, गटाराच्या तोंडाशी साचतो. म्हणून उभ्याने वास जाणवला नाही तरी खाली वाकून पाहावे. खोली मोकळी होईपर्यंत पुढचे काही करू नये.

गीझर पेटतो कसा

हे समजून घेतले की बिघाड निम्मा सापडतो. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा, ज्याला कारागीर डायफ्राम म्हणतात, फुगतो आणि एक पिन पुढे ढकलतो. त्या पिनेने गॅसची वाट मोकळी होते व एक छोटे बटण दाबले जाते. बटण दाबले जाताच सेलवर चालणारे यंत्र कट्कट् ठिणग्या पाडू लागते, सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघड-मीट होणारी गॅसची झडप, उघडतो आणि गॅस पेटतो. ज्योतीत बुडालेला एक सेन्सर ज्योत असल्याची खूण देत राहतो. ती खूण थांबली की सोलेनॉइड गॅस बंद करतो. नळ बंद केल्यावर पडदा मागे येतो आणि सगळे थांबते. म्हणजे पाणी, ठिणगी, गॅस आणि सेन्सर या क्रमाने शोध घेतला तर चाचपडावे लागत नाही.

नळ सोडला तरी कट्कट् आवाज येत नाही

आधी सेल पाहावेत. बहुतेक गीझरना १.५ व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. सेल काढल्यावर डबीतल्या पत्र्यांकडे उजेडात नीट पाहावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यानंतर तेथे हिरवट-पांढरी भुकटी जमलेली दिसते. ती कोरड्या पॉलिश पेपरने अलगद घासून काढावी, पत्रा पिवळा-पांढरा चमकू लागला की कोरड्या फडक्याने पुसावा, आणि दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच कंपनीचे नवे घालावेत. एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावली की नवाही लवकर उतरतो. सेल गळलेले असतील तर त्यातला द्रव उघड्या हाताने पुसू नये.

सेल ठीक असतील तर पाण्याचा जोर तपासावा. गीझरकडे जाणाऱ्या गार पाण्याच्या नळीला जेथे चकती-नट असतो, तेथेच आत एक बारीक जाळी बसवलेली असते. पाण्याचा कॉक बंद करून, खाली बादली ठेवून, नट पान्याने सैल करावा आणि जाळी चिमट्याने बाहेर ओढावी. पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यावर किंवा टाकी बरेच दिवस धुतलेली नसल्यावर त्या जाळीवर तपकिरी गाळाचा थर बसलेला असतो. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत त्यात पांढरे क्षाराचे कणही दिसतात. जुन्या टूथब्रशने ती वाहत्या पाण्याखाली घासावी, क्षार निघत नसतील तर अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी, आणि पुन्हा बसवताना वायसर जागेवर आहे ना हे पाहून नट आवळावा. फाटलेली जाळी काढून टाकून गीझर तसाच चालवू नये, कारण गाळ मग थेट पडद्याकडे जातो. माझ्या पाहण्यात गीझर न पेटण्याचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण ही तांदळाच्या चाळणीहून बारीक जाळीच आहे, आणि तिच्यासाठी कारागिराला बोलावणे फार पैशांचे नसले तरी अनावश्यक असते.

जाळी साफ असूनही जोर कमीच असेल, तर टाकीची उंची पाहावी. टाकीचा तळ गीझरपासून निदान दोन-तीन मीटर वर नसेल, तर पडद्याला पुरेसा दाब मिळत नाही. एकमजली घराच्या गच्चीवर टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली असते तेथे ही अडचण नेहमीची आहे. टाकी उंच करावी किंवा कमी दाबावर चालणारा गीझर घ्यावा. एक साधी गोष्ट आणखी: गरम व गार पाणी नळातच मिसळताना गरम नळ फार बारीक केला की प्रवाह कमी पडून बर्नर विझतो. अशा वेळी गरम नळ पूर्ण सोडावा आणि पाण्याचे तापमान गीझरवरील गॅसच्या कळीने कमी-जास्त करावे.

जोर भरपूर असूनही कट्कट् येत नसेल, तर पडदा कडक झालेला किंवा फाटलेला असतो. हे काम कारागिराचे आहे. त्याच भागाच्या दुसऱ्या बाजूला गॅसची वाट असते, आणि चुकीच्या जागी बसलेल्या वायसरमुळे गळती होऊ शकते.

ठिणगी पडते, पण ज्योत येत नाही

रेग्युलेटर चालू आहे का, गीझरजवळचा कॉक उघडा आहे का, हे आधी पाहावे. नुकताच सिलिंडर बदलला असेल तर नळीत हवा अडकलेली असते आणि एक-दोनदा नळ सोडून बंद केल्यावर गॅस पोहोचतो. दोन प्रयत्नांच्या मध्ये थोडे थांबावे, म्हणजे न जळलेला गॅस विरून जाईल. थंडीच्या पहाटे जवळजवळ रिकामा सिलिंडर गीझरला लागेल इतक्या वेगाने गॅस देऊ शकत नाही, मग शेगडी पेटते आणि गीझर पेटत नाही असा प्रकार घडतो. त्यावर उपाय म्हणून सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा त्यावर कढत पाणी ओतणे काही घरांत चालते. ते कदापि करू नये, सिलिंडर बदलावा.

ज्योत उशिरा आणि ‘भप्प’ आवाज करून पेटत असेल, तर त्याच क्षणी वापर थांबवावा. ठिणगी पडेपर्यंत आत गॅस साचत असल्याची ती खूण आहे. ठिणगीची काडी जागेवरून सरकणे, तिच्यावर ओल किंवा काजळी असणे, जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीत, किंवा बर्नरच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे असणे ही त्याची नेहमीची कारणे. बरेच दिवस बंद राहिलेल्या गीझरमध्ये कोळी हमखास घर करतो. कारागिराने बर्नर काढून साफ करावा. जेटचे छिद्र सुईने किंवा तारेने कोरू देऊ नये. ते किंचितही मोठे झाले की गॅस जास्त आणि हवा कमी असे प्रमाण बिघडते.

पेटतो आणि काही क्षणांत विझतो

सेल उतरलेले असले तरी असे होते, म्हणून ते पुन्हा पाहावेत. त्यानंतर संशय सेन्सरवर घ्यावा. त्याच्या टोकावर राख-काजळीचा पातळ थर बसला की ज्योत असूनही ती ‘दिसत’ नाही, आणि सोलेनॉइड गॅस तोडतो. कारागीर टोक पुसून किंवा सेन्सर बदलून देतो. काही गीझरमध्ये ठरावीक वेळेनंतर, बहुधा वीस मिनिटांनी, आपोआप बंद होण्याची सोय असते. तो बिघाड नव्हे. काहींत हवेतला प्राणवायू घटला की बंद करणारा सेन्सरही असतो. तो वारंवार गीझर विझवत असेल तर त्याचा अर्थ हवा अपुरी आहे असा घ्यावा. येथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: ‘सेन्सर थेट जोडून देतो, मग विझणार नाही’ असे कोणी म्हणाले, तर त्याला तेथेच थांबवावे. त्या एका तारेने घरातल्या माणसांचे शेवटचे संरक्षण निघून जाते, आणि गीझर मात्र वरकरणी अगदी व्यवस्थित चालू झालेला दिसतो.

नळ बंद केला तरी ज्योत जळतच राहते

रेग्युलेटर ताबडतोब बंद करावा. पिन अडकलेली असते आणि वाहते पाणी नसताना तांब्याच्या नळ्या तापत राहतात. पडदा आणि पिन असलेला पाण्याचा संपूर्ण भाग बदलल्याशिवाय गीझर पुन्हा पेटवू नये.

ज्योतीचा रंग

ज्योत निळी, स्थिर आणि ठेंगणी असावी. गीझरच्या काचेतून ती दिसते. पिवळी, लांब, वर लवलवणारी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही. वरच्या तोंडाशी किंवा भिंतीवर काळा डाग पडू लागला असेल तर तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी दाटलेली असते. तिने धुराची वाट अडते, हवा आणखी कमी येते आणि काजळी आणखी वाढते. हा गीझर साफ होईपर्यंत बंद ठेवावा. घर नव्याने पाइप गॅसवर गेले असेल तर एलपीजीचा गीझर तसाच जोडू नये, कारण त्या गॅसचा दाब वेगळा असतो आणि जेटही वेगळे लागतात.

अंघोळीनंतर डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, अशक्त वाटणे, विशेषतः घरातल्या एकाहून अधिक माणसांना एकाच सकाळी असा त्रास होणे, हे पित्त किंवा थंडी समजून सोडून देऊ नये. माणसाला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयात, मग ते कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) असो वा जवळचे कोणतेही, पोहोचताच ‘गॅस गीझर चालू होता’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर अशा वेळी आकडा चांगला दिसू शकतो, कारण तो प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांत फरक करू शकत नाही. बेशुद्ध माणसाला आणायला जाणाऱ्याने आधी दार आणि झडप सताड उघडावी.

नळी आणि सांधे

रेग्युलेटरपासून निघणारी नळी आयएसआय चिन्हाची, तारेचे अस्तर असलेली सुरक्षा नळी असावी. ती दर पाच वर्षांनी बदलावी आणि दीड मीटरहून लांब ठेवू नये. ती भिंतीतून आरपार नेऊ नये. तेथे तांब्याचा किंवा लोखंडी पक्का पाइप टाकून घ्यावा. स्वयंपाकघरातल्या रबरी नळीला टी लावून गीझरकडे दुसरी नळी नेलेली पुष्कळ घरांत दिसते. ती सोय काढून टाकावी.

गळती पाहण्यासाठी वाटीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण विरघळवून फेस करावा. रेग्युलेटर चालू ठेवून, गीझर न पेटवता, तो फेस ब्रशने रेग्युलेटरच्या मुळाशी, नळीच्या दोन्ही क्लिपांवर, कॉकवर आणि गीझरच्या गॅस-नटावर लावावा, आणि प्रत्येक सांध्याकडे निदान अर्धा मिनिट रोखून पाहावे. गळती मोठी असेल तर फुगे भराभर उठतात. बारीक असेल तर मोहरीएवढे दोन-तीन फुगे हळूहळू फुगतात, फुटतात आणि पुन्हा त्याच जागी येतात. फुगा दिसला की रेग्युलेटर बंद. काडी पेटवून गळती शोधू नये. कारागीर काम संपवून निघाला की त्यालाच हा फेस लावून दाखवायला सांगावे. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही.

दुरुस्ती सोडून नवा केव्हा घ्यावा

तांब्याच्या नळ्यांना भोके पडून पाणी ठिबकू लागले, साफ करूनही काजळी महिन्याभरात परत आली, किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, की खर्च करीत बसू नये. ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी सोयच नसलेला जुना गीझर चालू स्थितीत असला तरी काढावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांतल्या काहींनी पाण्याखाली गेलेली गॅसची उपकरणे धुऊन, वाळवून पुन्हा जोडली. गाळ झडपेत आणि जेटमध्ये बसतो आणि गंज आतून चालत राहतो, तो वरून दिसत नाही. पाण्यात बुडालेला गीझर, रेग्युलेटर आणि नळी तिन्ही बाद समजावीत.

नवा घेताना आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा आयएस १५५५८ हा क्रमांक पाहावा. एलपीजीवरील घरगुती छोट्या गीझरचे ते मानक आहे. ज्योत विझल्यास गॅस तोडणे, जास्त तापल्यास बंद होणे आणि प्राणवायू घटल्यास बंद होणे, या तिन्ही सोयी आहेत का हे दुकानदाराला तोंडी न विचारता माहितीपुस्तिकेत वाचावे. घरात बाहेर टांगायला जागाच नसेल, तर मी विजेचा १५ लिटरचा साठवणीचा गीझर घ्यावा असेच सांगेन, अर्थिंग आणि विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच यांसह. बिल थोडे वाढते, पण न्हाणीघरात ज्योत राहत नाही.

गॅस गीझरसाठी योग्य जागा म्हणजे उघडी गॅलरी, मागची मोकळी बाजू, किंवा जिन्याखालचा नव्हे तर आकाशाला खुला असलेला कोपरा. तेथून गरम पाणी न्हाणीघरात सीपीव्हीसी पाइपने न्यावे. साधा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो. पाइपवर फोमचे वेष्टन घातले की थंडीत वाटेत उष्णता कमी जाते. आपल्याकडचा पाऊस तिरपा मारतो, म्हणून उद्यमनगरात पत्र्याचे काम करणाऱ्यांकडून वर उतरते छत करून घ्यावे, मात्र बाजू बंद करू नयेत आणि धुराच्या तोंडापासून छत पुरेसे वर ठेवावे. पावसापासून वाचवायच्या नादात गीझरला चारी बाजूंनी पेटीत कोंडलेले मी पाहिले आहे. तसे केल्यास जागा बाहेरची असूनही हवेची अडचण आतल्यासारखीच राहते. गीझरच्या अगदी वर किंवा शेजारी कोणत्याही खोलीची खिडकी उघडत नाही ना, तेही पाहावे. सिलिंडर उभा, जमिनीवर, उन्हा-पावसापासून आडोशाला आणि हवा खेळेल असा ठेवावा.

बसवून झाल्यावर पहिली चाचणी न्हाणीघराचे दार उघडे ठेवून, कोणी अंघोळ करीत नसताना घ्यावी. नळ पूर्ण सोडून दहा मिनिटे गीझर चालवावा. ज्योत निळी राहते का, वाऱ्याच्या झोताने विझली तर गॅस लगेच तुटतो का, नळ बंद करताच ज्योत जाते का, आणि दुसऱ्यांदा सोडल्यावर विनाविलंब पेटते का, हे पाहावे. नंतर रेग्युलेटर बंद करून नळ सोडावा: ठिणगी पडत राहून थोड्या वेळाने थांबली पाहिजे. जवळच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा अलार्म लावता आला तर अवश्य लावावा. बसवल्याची तारीख, नळीवर छापलेले वर्ष आणि कारागिराचा फोन क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती सेलच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवावी.